बॅनरवरचा फोटो आणि ताळेबंदावरची सही

*‘जय भीम, मावशी. मी मंडणगड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतली, वय ३७. वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले, मग दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेची राखण, रोजगार हमी, मिळेल ते काम केलं. आई बचत गट चालवते. मी दापोलीत बी.कॉम. केलं, डोंबिवलीत आत्याच्या स्वयंपाकघरात झोपून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, केली आणि पाचव्या खेपेला सीए झाले. वाडीतली पहिली. वाडीच्या मुंबई मंडळाने एसटी स्टँडसमोर बॅनर लावला होता.*

*आता एका मोठ्या फर्ममध्ये आठ वर्षं आहे. पार्टनरच्या यादीत दोनदा नाव आलं नाही. “क्लायंटसमोरचा वावर अजून हवा तसा नाही,” असं सांगितलं. पण फर्मच्या माहितीपत्रकात माझा मोठा फोटो आहे आणि सर्वसमावेशकतेवर बोलायला दर वेळी मलाच उभं करतात. मला गावाकडे येऊन स्वतःची प्रॅक्टिस करावीशी वाटते. भाऊ म्हणतो, लोक म्हणतील मुंबईत निभावलं नाही. आई काहीच बोलत नाही. मंडळातले एक काका म्हणाले, तूच परत आलीस तर मागच्या पोरींनी काय बघायचं? मावशी, मी हरले का? की यश मोजायची माझी पद्धतच चुकली?’*

जय भीम, बाय.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुला ठरवता येईल. मी खेड तालुक्यातली, कुणबी घरातली. नोकरी सगळी बँकेत, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. तुमच्या वाडीने पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर जे सोसलं ते माझ्या वाट्याला आलेलं नाही, तेव्हा ‘मला कळतं गो’ असं मी म्हणणार नाही. पण सीएच्या सह्यांचे ताळेबंद मी जन्मभर वाचले, आणि तुझ्या पत्रावर मला जे बोलायचंय ते तिथूनच सुचलंय.

‘क्लायंटसमोरचा वावर’ या शब्दांत काय काय बसतं ते तुलाही ठाऊक आहे. कुठल्या शाळेतलं इंग्रजी, बाप कोणाच्या ओळखीचा, आडनाव ऐकल्यावर समोरचा काय समजतो. कदाचित यातलं काहीच नसेल आणि खरंच एखादी बाजू कच्ची असेल. पण मग ती दाखवता आली पाहिजे. तू सांभाळलेल्या कामांची फी किती, किती क्लायंट टिकले, ज्यांना पार्टनर केलं त्यांचे हेच आकडे काय, हे एकदा ईमेलवर विचार. तोंडी विचारलंस तर तोंडीच उत्तर मिळेल, आणि ते उत्तर तुला दोनदा मिळून चुकलंय.

तुझ्या गावाहून महाड काही लांब नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे तो ठराव कागदाबाहेर आला. आणि लगेच काय झालं? मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, पुढे नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. तुझ्या फर्मचं ते गुळगुळीत माहितीपत्रक अजून १९२४ मध्येच आहे. त्यातला फोटो बघून स्वतःला यशस्वी समजू नकोस. आणि त्यामागची यादी बघून अयशस्वीही समजू नकोस, कारण यादी त्यांनी केलेली आहे.

आता बॅनरचं. मंडळाने तो प्रेमाने लावला, यात मला शंका नाही. पण बघ, फर्मला तू हवीस ती फोटोत आणि मंडळालाही तू हवीस ती फोटोतच. दोघांनाही ‘पहिली’ हवी आहे. तू दिवसभर काय करतेस, कुठला हिशोब कसा लावतेस, हे दोघांपैकी कोणी विचारलंय का? पहिली असण्यात तुझी मेहनत आहेच, पाच खेपा म्हणजे गंमत नव्हे. पण तुझ्या आधी कोणी का नव्हतं याचं कारण तुझ्या मेहनतीत नाही, ते दीडशे-दोनशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागेल. तो भार आयुष्यभर डोक्यावर घेऊन, सतत हसऱ्या चेहऱ्याने उभं राहणं हे काही सीएचं काम नाही.

मग काम कोणतं? एका फाइलीबद्दल सांगते. नावगाव सांगणार नाही.

बचत गटातल्या एका बाईने काजू प्रक्रियेसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेतून कर्ज मागितलं होतं. या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलांना आणि अनुसूचित जातींच्या अर्जदारांना ३५ टक्के अनुदान असतं, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागतो. तो तिने तालुक्याच्या ठिकाणच्या एका एजंटाकडून पैसे मोजून करून घेतला होता. छान छापलेला, स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ. आत बॉयलर, कटिंग मशिन, ड्रायर, सगळं रीतसर. आणि कच्च्या मालाच्या पानावर काजू बीची खरेदी बारा महिन्यांत सारखी वाटलेली! जूनमध्ये तेवढीच, नोव्हेंबरमध्येही तेवढीच. आपल्याकडे बी कधी येते? फार तर मार्च ते मे. वर्षभर कारखाना चालवायचा तर तेवढ्या दिवसांतच वर्षाचा माल भरून ठेवावा लागतो, म्हणजे खेळतं भांडवल एकदम लागतं. अहवालात ते बारावा हिस्सा दाखवलेलं. तसंच कर्ज मंजूर झालं असतं तर एप्रिलमध्ये तिच्याकडे बी घ्यायला पैसे नसते आणि पावसाळ्यात मशिन बंद पडून हप्ते थकले असते. मग बँकेतलेच लोक म्हणाले असते, ‘या बायकांना धंदा जमत नाही.’

मी तिला अनुदानाचं विचारलं. ती म्हणाली, ‘ते पैसे आले की सावकाराचं देऊन टाकू.’ अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षं बँकेत तिच्या नावाने ठेव म्हणून राहतं आणि कारखाना चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एजंटाचे पैसे मात्र देऊन झाले होते.

त्या अहवालात हुशारी कमी होती असं नाही. सूत्रं बरोबर होती, बेरजा जुळत होत्या. त्यात काजूची बी कधी पडते हे माहीत असलेला माणूस नव्हता, एवढंच. तुला ते माहीत आहे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा नौकेच्या कर्जाचा हप्ता त्या दोन महिन्यांत ठेवायचा नसतो, हे तुला कोणी शिकवावं लागणार नाही. आंब्याच्या व्यापाऱ्याचं वर्ष तीन महिन्यांचं असतं आणि बाकीचे नऊ महिने तो उधारीवर असतो, हे तू राखणदाराच्या घरात बसून पाहिलंयस. फर्मला तुझी ही सगळी पार्श्वभूमी फोटोपुरती लागते. कामात मात्र ती दिसू नये, पुसून टाकावी, अशी अपेक्षा असते. तू मला यश कशाने मोजायचं ते विचारलंस ना? मी तर एवढंच बघेन की तुला जे घरातून माहीत आहे ते तू सही केलेल्या कागदात उतरतंय का, आणि पटलं नाही तर तीच सही तुला नाकारता येते का.

दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे, आणि गावी आल्यावर तो सोपा होईल असं समजू नकोस. मुंबईत वरिष्ठ म्हणतील, ‘एवढं जाऊ दे.’ इथे सख्खा चुलता म्हणेल. विहाराच्या इमारत निधीचा हिशोब तुझ्याकडेच येणार, कारण आपली पोर सीए आहे. सिमेंटच्या पावत्या निम्म्या असतील, जेवणावळीचा खर्च दगडकामात घातलेला असेल. तेव्हा तू सही केली नाहीस तर ‘शिकून शेफारली’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेव. आणि ‘नाही’ म्हणायला गाठीशी पैसा लागतो. घरखर्च आणि ऑफिसखर्च मिळून एक वर्षाचे पैसे बाजूला नसतील तर येऊ नकोस, असं मी स्पष्ट सांगते. इथे पहिल्या वर्षी काम मिळतं, फी मिळत नाही. ‘आंब्याचे झाले की देतो,’ मग ‘गणपती होऊ देत,’ मग ‘शिमग्याला बघू.’

फीचा मुद्दा मी जरा ताणणार आहे, कारण इथेच चांगली माणसं बुडालेली पाहिलीत. आपल्या माणसांकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच तुला होणार. घे. बचत गटाकडून कमी घे, पण घे, आणि बिल दे. बिलावर पूर्ण रक्कम लिही, खाली सवलत दाखव, मग उरलेले पैसे माग. समोरच्याला कामाची किंमत कळली पाहिजे. फुकट केलेलं काम लोक शेवटच्या दिवशी आणून टाकतात, आणि त्यात चूक निघाली तर तुलाच धरतात. आणखी एक, एजंटाला दोन हजार देणारी बाई तुला पाचशे द्यायला का कुरकुरते, याचा राग धरू नकोस. एजंट परका असतो, त्याला द्यावेच लागतात. तुझी सवय व्हायला वेळ लागेल.

म्हणून माझं मत विचारशील तर मंडणगडला बसू नकोस, निदान आधी नको. खेडला बस. रेल्वे आहे, महामार्ग आहे, आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार महिन्याचं जीएसटीचं काम देतात आणि बिलावर पैसेही देतात. त्यांच्या जिवावर तुला काजूवाल्या बाईचं काम नीट वेळ देऊन करता येईल. दोन्ही प्रकारची कामं हवीत. नुसती समाजसेवा म्हणून प्रॅक्टिस काढलीस तर फार दिवस तग धरणार नाहीस, हे मी सोळा आणे सांगते. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या सरकारी नामिकेत, म्हणजे पॅनेलवर, नाव घाल. मच्छीमार सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, कामाला तोटा नाही, फी मात्र बेताची.

जागेचं बोलायलाच हवं. बाजारपेठेत गाळा बघायला जाशील तेव्हा आधी गाव विचारतील, मग वाडी. वाडी सांगितलीस की ‘पुतण्याला विचारून सांगतो’ असं उत्तर कुठे ना कुठे येणारच. त्या पुतण्याची वाट बघत बसू नकोस. नव्या व्यापारी संकुलात किंवा नगरपरिषदेच्या लिलावातल्या गाळ्यात बघ, आणि करार नोंदणीकृत कर.

या संदर्भात एक गोष्ट आठवते, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे तुझ्याच तालुक्यातलं म्हणून तर विशेष. परदेशात शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळली तसे गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो बंद पडला. कोलंबियाहून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा! त्या अपयशावरून त्यांच्या अर्थशास्त्राबद्दल कोणी काही ठरवायचं का? पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातले पैसे साठवले आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. नोकरी धरली ती कशासाठी आणि सोडली ती कधी, दोन्ही त्यांचं त्यांनी ठरवलं. तुझी मुंबईची आठ वर्षंही तशी धर. मोठ्या कंपन्यांची ऑडिट तू केलीस, ते कसब खेडमध्ये बसून कोणाला मिळणार होतं?

आता भाऊ. त्याच्यावर चिडू नकोस. आपल्या कोकणात माणूस मुंबईला गेला की सुधारला आणि परतला की काहीतरी बिनसलं, असाच हिशोब आहे. मनीऑर्डरवर घरं चालली, त्या काळातला. आणि तुझ्या घरात तर एक परतणं होऊन गेलेलं आहे. संप फसला, वडील ट्रंक घेऊन आले, आणि त्यानंतर बागेची राखण. तुझ्या आईने ते पाहिलंय. तू ‘गावी येते’ म्हणालीस तेव्हा तिच्या डोळ्यापुढे ती ट्रंक आली नसेल कशावरून? मला वाटतं ती त्यामुळेच गप्प आहे. तिला ‘आई, मला तिथे गुदमरतं’ असं सांगून उपयोग नाही, ती काळजीने अर्धी होईल. तिला आकडे सांग. बाजूला किती आहेत, महिन्याचा खर्च किती, पहिल्या वर्षी किती येतील, न आले तर काय. बचत गट चालवणारी बाई आहे, आकड्यांना ती घाबरणार नाही. वडील नोकरी गेली म्हणून आले होते, तू नोकरी सोडून येणार आहेस, हा फरक तिला वहीत दिसू दे.

भावाला मात्र एक काम सांग. तुझं ऑफिस सुरू झालं की मंडळ पुन्हा बॅनर छापायला निघेल, ‘आपल्या हक्काच्या सीए’ वगैरे. ते त्याने थांबवायचं. सीएला अशी जाहिरात चालत नाही, तुमच्या संस्थेची आचारसंहिता तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सत्काराचा बॅनर झाला तो झाला. उद्घाटनाच्या बॅनरपायी पहिल्याच महिन्यात तक्रार नको.

उरले काका आणि मागच्या पोरी. काकांसारखी माणसं १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखलाही देतात, शिकलेल्यांनी फसवलं अशी बाबासाहेबांची खंत. तुला तो ऐकवला गेला नसेल तर ऐकवतील. ती खंत स्वतःचंच पोट भरणाऱ्यांबद्दल होती. मंडणगडच्या बाईचा कर्जाचा अहवाल नीट करून देणारी त्यात बसत नाही, आणि खरं सांगू, मुंबईत राहून आपलं काम चोख करणारी, घर चालवणारी तुझ्यासारखी मुलगीही त्यात बसत नाही. तू आलीच नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. समाजाचं देणं असतं हे मला मान्य आहे, पण ते किती आणि कुठे बसून फेडायचं हे मंडळाच्या सभेत ठरत नसतं.

पण काकांच्या प्रश्नाला एक उत्तर आहे, आणि ते तुला बॅनरपेक्षा जास्त पटेल. सीए व्हायला अभ्यास लागतो तो घरी बसून करता येतो, आता शिकवण्या ऑनलाइनही आहेत. अडतं ते आर्टिकलशिपवर. नव्या पद्धतीत ती दोन वर्षांची झाली आहे, तरी ती करायची म्हणजे आपल्या पोरींना मुंबई-पुण्याला जावं लागतं, आणि स्टायपेंड खोलीच्या भाड्यालाही पुरत नाही. तुला आत्याचं स्वयंपाकघर होतं. जिला आत्या नाही ती बी.कॉम. करून पतसंस्थेत पिग्मी गोळा करते. तू प्रॅक्टिसला बसलीस की तुला आर्टिकल घेता येतील, सुरुवातीला मर्यादा असते, एखादीच. ती एक पोर सकाळच्या एसटीने येईल आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जाईल. काकांना हे सांग. मग विचार, अशी एखादी मुलगी तुमच्या नजरेत आहे का?

तेवढं एक लक्षात ठेव, तिला ‘दुसरी’ म्हणून कुठे उभी करू नकोस. तिला गणपतीतही सुटी मिळणार नाही, तेवढं बास. कर लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबरची मुदत आणि आपला गणपती यांचं वैर तुला माहीतच आहे. अख्खं गाव आरतीला असतं तेव्हा आपल्याकडचे सीए पोर्टल उघडायची वाट बघत बसलेले असतात. गावी आल्यावर निदान जेवायला तरी घरी जाशील.

शेवटची व्यवहाराची बाब. नोकरीत असेपर्यंत गावच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. बचत गटांच्या फायली सुटीत आलीस की नुसत्या वाचून बघ, काय काय चुकतं त्याची टिपणं काढ. पार्टनरशिपबद्दलचा ईमेल याच महिन्यात पाठव, उत्तराला वाजवी मुदत दे, आणि उत्तर खरंच चांगलं आलं तर पुन्हा विचार कर, त्यात कमीपणा नाही. नाहीतर राजीनामा ऑक्टोबरमध्ये दे. सप्टेंबरच्या तोंडावर दिलास तर ऑडिटच्या फायली अर्ध्यावर राहतील, आणि ज्यांचं काम तू आठ वर्षं नीट केलंस त्यांच्यापैकी एखाददुसरा पुढे आपण होऊन खेडचा पत्ता विचारणार असेल, तर त्याची फाइल पूर्ण झालेली बरी.